जोडून ठेवायचं नाही



मागच्या पावसाळ्यात आमच्या भोरच्या घराचं आढं एका बाजूने बसलं. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कौलं. आम्ही सगळे पुण्यात, त्यामुळे घर वर्षातले दहा महिने कुलपात. दिवाळीनंतर सुतार बोलावला. त्याने माळा रिकामा करायला सांगितला. तांब्याचे हंडे निघाले, चिरा गेलेल्या बरण्या निघाल्या, आजेसासऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या निघाल्या, आणि चोपड्यांच्या मागे भिंतीला टेकवलेला एक पितळी डबा. डब्यात धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल.

मी पिस्तूल म्हटलं, मुलाने लगेच सुधारलं, "आई, रिव्हॉल्व्हर." मला काय, मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. माझ्या पंजाएवढंच. आखूड नळी, लाकडी मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली, सगळ्यावर गंजाचा तांबूस थर. भिंग लावून मुलाने वरच्या पट्टीवरची अक्षरं वाचली, ब्रिटिश बुलडॉग. पण मधे खिडकीसारखी मोकळी जागा होती. गोळ्या भरायचं गोल चक्र त्यात नव्हतंच.

नंतर मुलगा मोबाईलवर वाचून सांगत होता. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने 1872 च्या सुमारास हा नमुना काढला. कोटाच्या खिशात मावावं म्हणून नळी अडीच इंचांची, गोळ्या पाच. पुढे बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी त्याच्या इतक्या नकला केल्या की अस्सल आणि नक्कल यात भल्याभल्यांची गल्लत होते.

घरात शस्त्र होतं याचं मला तितकं आश्चर्य वाटलं नाही, कारण बांकडून मी त्याबद्दल अर्धवट ऐकलं होतं. बा म्हणजे माझ्या सासूबाई. आजेसासऱ्यांचा व्यापार तांदळाचा आणि हिरड्याचा. भोरच्या पश्चिमेचं खोरं ते हिरडस मावळ, नावातच हिरडा. इथून तांदूळ-हिरडा भरून बैलगाड्या वरंधा घाटाने महाडला जायच्या, येताना मीठ, नारळ, सुपारी यायची. कमरेला रोकड, वाटेत जंगल. तेव्हा भोर हे पंतसचिवांचं संस्थान. आजेसासऱ्यांकडे दरबारचा परवाना होता, असं घरात सांगत. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं, भोर पुणे जिल्ह्यात आलं, आणि तो परवाना म्हणजे नुसता कागद उरला. तो कागदही आता नाही.

मुलाने फोटो एका मित्राला पाठवला, मित्राने आणखी कुणाला, आणि रविवारी सकाळी पुण्याहून एक गृहस्थ गाडी घेऊन भोरला हजर. जुन्या वस्तू घेऊन संग्राहकांना देतात. अशी माणसं भोरला नवीन नाहीत. भोर संस्थानची स्वतःची टपाल तिकिटं होती, 1879 ची आणि 1901 ची. ती शोधत लोक जुन्या घरांमधून हिंडत असत. आमच्या बापुजींनी चोपडीत सापडलेली दोन तिकिटं एकाला चहाबरोबर फुकट देऊन टाकली होती.

हे गृहस्थ बोलायला गोड. म्हणाले, "काकू, माझे मुंबईचे दोन कलेक्टर आहेत, लगेच घेतील." शेजारच्या आजींना वाटलं, कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. त्या घाबरून घरीच गेल्या. मग ते म्हणाले, "सिलिंडर कुठाय?" माझ्या डोळ्यांसमोर गॅसचा आला. त्यांना ते पाच भोकांचं चक्र हवं होतं. "सिलिंडरसकट असेल तर तीन लाखांपर्यंत जाईल. नसेल तर चाळीस हजारांच्या वर कुणी हात लावणार नाही. शोधा तुम्ही. आणि काही किस्सा असेल तर तोही लिहून द्या. किस्सा असला की किंमत चढते."

किश्शाने किंमत कशी चढते तेही त्यांनीच सांगितलं. 2019 च्या जूनमध्ये पॅरिसला एका खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा लिलाव झाला. पार गंजलेलं, चालवता न येणारं, 1965 मध्ये एका शेतात सापडलेलं. पण चित्रकार व्हॅन गॉगने 1890 मध्ये स्वतःवर गोळी झाडली ती त्यातूनच, असं मानतात. ते गेलं 1,62,500 युरोंना. आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर 2 जुलै 1881 ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या तर बुलडॉगमधूनच. मारेकऱ्याला म्हणे लाकडी मुठीपेक्षा हस्तिदंती मूठ आवडली होती, उद्या संग्रहालयात शोभून दिसेल म्हणून! ते रिव्हॉल्व्हर खरोखरच संग्रहालयात गेलं आणि तिथून हरवलं. गारफिल्ड अडीच महिने तळमळून वारले. मला मात्र दंतवाणिज्यच आठवलं. पंधरा कर्मादानं पाठ करताना लहानपणी वाटायचं, हस्तिदंताचा व्यापार आता कोण करतं?

ते गृहस्थ गेले आणि मला चक्र कुठे आहे ते कळलं. कळलं म्हणजे अगदी आत कुठेतरी ठाऊकच होतं.

मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बांनी मला एक गोष्ट शिकवली होती. वाटण झालं की खल ओट्याखाली आणि बत्ता वर कोनाड्यात. खलात बत्ता तसाच ठेवला तर रात्री उठूनही काढायला लावायच्या. "वहू, भेगुं नहीं राखवानुं." एकत्र ठेवायचं नाही. मी बी.कॉम. झालेली, मला ही जुनी रीत वाटायची, झुरळ वगैरे बसू नये म्हणून असेल. पुढे प्रतिक्रमणाचे अर्थ शिकले तेव्हा उलगडलं. आठवं व्रत अनर्थदंड विरमण, त्याच्या पाच अतिचारांतला एक संयुक्ताधिकरण. हिंसेची साधनं जोडून, वापरायला तयार अशी ठेवायची नाहीत. उखळाजवळ मुसळ नको, धनुष्याला बाण नको. तयार दिसलं की हात जातो. आपला नाही गेला तर शेजारणीचा जातो, मुलाचा जातो.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या त्या कोनाड्यात हात घातला. बत्ता अजून तिथेच होता. त्याच्या मागे मेणकापडाच्या पुरचुंडीत पाच भोकांचं चक्र, मधली खिळीही सोबत. चक्र सुपारीच्या डबीएवढं. गंज अजिबात नाही, कारण बांनी त्याला तेल लावून ठेवलं होतं. याचं मला हसूही आलं आणि रडूही. हिंसेचं साधन म्हणून वेगळं ठेवायचं, आणि गंजू नये म्हणून तेलही लावायचं. बायका वस्तू टाकत नाहीत.

मी ते मुलाला लगेच दाखवलं नाही. सरळच सांगते, त्या रात्री मी हिशेब केला. छपराचा खर्च सुताराने सांगितला होता नऊ लाख. तीन लाख म्हणजे तिसरा हिस्सा. आणि काम सोपं होतं, खिळी ओढायची, चक्र बसवायचं, खिळी परत घालायची. तीन मिनिटांत चाळीस हजारांचे तीन लाख. एवढा नफा आमच्या चार पिढ्यांत कुणी कमावला नसेल.

सकाळी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तो माणूस ते काचेच्या कपाटात ठेवणार आहे. कुणाला मारायला नेत नाहीये." हे खरंच होतं. मग म्हणाला, "पाप वाटत असेल तर निम्मे पांजरापोळला दे." हेही मला मोहात पाडणारं होतं. मी शस्त्र, हिंसा असं काही बोलू लागले तर म्हणाला, "तुझ्याकडे डास मारायची बॅट आहे." ती सूनबाईने आणलीय, असं मी म्हणणार होते, पण वापरतं कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांना विचारलं तर ह्यांचं नेहमीचंच, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे उद्या कुणी बोललं तर बोलणी मला.

वंदित्तु सूत्र आपण सगळ्याच म्हणतो. त्यात आठव्या व्रताच्या जागी शस्त्र, अग्नी, मुसळ, जातं ही एका दमात येतात, आणि ती दिली असतील किंवा दुसऱ्याकडून देवविली असतील तर त्याचीही निंदा आहे. फक्त मारल्याची नाही, दिल्याचीसुद्धा. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विषवाणिज्य सांगताना विषाबरोबर शस्त्रं धरलीत, नांगर आणि यंत्रंही धरलीत. घेणारा त्याचं काय करणार, ही अट कुठेच नाही. मला आधी हे कडक वाटायचं. व्हॅन गॉगच्या लिलावाचं ऐकल्यावर वाटेनासं झालं. गंजलेल्या लोखंडाला एवढे पैसे का पडले? ज्या एका गोळीने माणूस गेला, तिचे पडले. आमच्याकडेही ते गृहस्थ किस्सा मागत होते म्हणजे तेच मागत होते.

दुपारी भाच्याला फोन केला, तो वकील आहे. तो पहिलं वाक्य बोलला, "मामी, आधी कुणीही हात लावू नका आणि गाडीत घालून तर कुठेही नेऊ नका." मैत्रिणींनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण जुन्या घरांच्या माळ्यांवर काय काय असतं. 1959 चा शस्त्र कायदा जुन्या वस्तूंना सूट देतो, कलम 45 मध्ये, पण ती वस्तू जुनाट असून शिवाय दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. नुसती शंभर वर्षांची आहे म्हणून सुटत नाही. चालू शकत असेल तर परवाना हवा, आणि विना परवाना विकणं, घेणं दोन्ही गुन्हा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती परवानगीशिवाय देशाबाहेरही नेता येत नाही, तो 1972 चा वेगळा कायदा. परवाना नसलेलं शस्त्र हाती आलं तर विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करायचं, हे कलम 21.

"पण जोडलेलं नाहीये रे," मी म्हटलं. "दोन भाग दोन ठिकाणी आहेत."

तो म्हणाला, "कायद्यात शस्त्राचे भाग म्हणजेही शस्त्रच." मग थोडं थांबून म्हणाला, "एक पोटकलम आहे मात्र." आणि त्याने वाचून दाखवलं. किरकोळ भाग बाळगण्याला सूट आहे, जर ते त्यांच्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल, मग तो पूरक भाग त्याच माणसाकडे असो की दुसऱ्या कुणाकडे. मी त्याला दोनदा वाचायला लावलं. खल आणि बत्ता! संसदेत कुणी बांचं ऐकून लिहिलं की काय असं वाटलं. भाचा हसला, म्हणाला, "खूश होऊ नका, चक्र हा किरकोळ भाग कोर्ट धरणार नाही. ठाण्यात फोन करा."

फोन केला. ते घरी आले, जागेवर पंचनामा झाला. प्रश्न भरपूर विचारले, कधी सापडलं, कुणी पाहिलं, गोळ्या आहेत का. गोळ्या नव्हत्या. एका तरुण शिपायाने चक्र हातात घेतलं आणि म्हणाला, "बसतंय का बघू." माझ्या तोंडून एवढ्या जोरात "नको" निघालं की सुतार काम थांबवून बघायला लागला. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. वेगवेगळंच लिहा." दोन पाकिटं झाली, दोन्हीवर सह्या. अर्जात आम्ही लिहून दिलं की वस्तू परत नको.

मला बी.कॉम.ला राइट-ऑफ शिकवलं होतं. जी मत्ता आता मत्ता राहिली नाही ती पुस्तकातून काढून टाकायची, तोटा सोसायचा आणि पान मोकळं करायचं. नाहीतर दरवर्षी ती खोटी पुढे ओढली जाते. आपल्यात वोसिरावणं म्हणतात ते मला तेव्हापासून असंच समजतं. मालकी सोडली नाही तर त्या वस्तूने पुढे जे घडेल त्याचा वाटा आपल्या खात्यावर पडत राहतो, आपण गेल्यावरसुद्धा. विक्री केली असती तर पैसे जमेला आले असते, पण ती जोडलेली वस्तू माझ्या हातची म्हणून फिरत राहिली असती. मुलाला हे पटलं असं नाही. छपराचं काम निम्मं झालंय, मागची बाजू अजून ताडपत्रीखाली आहे. तो विषय निघाला की तो पाणी प्यायला उठतो.

आता किस्सा.

मी नवी नवरी असताना संवत्सरीच्या रात्री, प्रतिक्रमणाहून आल्यावर, बांनी सांगितलं होतं. आजेसासरे एकदा रात्री वरंध्यातून परतत होते. पुढे अंधारात काहीतरी हललं, यांनी झाडली, आणि ओरडणं ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी अठ्ठम केला, तीन दिवस फक्त पाणी. त्यानंतर ते शस्त्र पुन्हा कधी कमरेला लागलं नाही. पुढे बा सून म्हणून घरात आल्या तेव्हा त्यांना एवढंच सांगितलं, चक्र वेगळं ठेवा. काय ओरडलं, जनावर की माणूस, बांनाही माहीत नव्हतं. दर संवत्सरीला ते त्यासाठी वेगळं मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे.

माळ्यावरच्या चोपड्या मी या खेपेला उन्हात घालताना चाळल्या. लिपी गुजराती, शाई फिकट, पण नावे-जमा कुठेही नावे-जमाच असते. संवत 1993 च्या चोपडीत एक नोंद सापडली. वेल्ह्याच्या एका गाडीवानाच्या नावे, बैलापोटी 45 रुपये. बैल घेतल्याची नोंद पुढे कुठेच नाही. पैसे गेलेत, बैल आलेला नाही.

त्या गाडीवानाचं घराणं आम्हाला माहीत आहे. अजून आमचा तांदूळ त्यांच्याकडून येतो. मार्गशीर्षात तांदूळ आणायला म्हणून आम्ही चेलाडीवरून वेल्ह्याला गेलो. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडी वेल्हेच.) तोरण्याच्या पायथ्याला त्यांचं घर. तात्या ऐंशीच्या पुढचे. मी चोपडीतली नोंद सांगितली तर ते म्हणाले, "व्हय वहिनी, आमचाच बैल की."

त्यांचे आजोबा गाडीवान होते. उतारावर जू सुटलं, एक बैल बिथरून पुढे पळाला. मग तो आपला आपणच गाडीकडे माघारी येत होता. शेठना वाटलं, वाघरू आलं.

"लगेच नाही गेला," तात्या म्हणाले. "पहाटेपातूर होता. आजा सांगायचा, शेठ त्याच्या मानेपाशी बसले रातभर, त्याच्या कानात काहीतरी म्हनत व्हते. काय ते आजाला कळलं नाही. तुमास्नी ठाव असंल."

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं म्हणून तिथेच, ओसरीवर, नवकार म्हणून दाखवला. त्यांच्या सुनेने चहा आणला होता, तो निवला.

परवा त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. "काकू, मिळाला का सिलिंडर?"

"मिळाला. पण सगळंच वोसिरावलं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. कितीला?"

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.